‘क्षार’ कुणाचा? बहुभाषिक वर्ग, शिक्षक-प्रशिक्षण आणि आपलं संशोधन

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी विषय शोधणाऱ्या शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘बहुभाषिक वर्ग आणि शिक्षक-प्रशिक्षण’ हा विषय हमखास भुरळ घालतो. विषय चांगलाच आहे. पण त्यावरचं काम ज्या साच्यातून निघतं तो साचा तुम्ही उचलण्याआधी एकदा तपासून बघा. मी विज्ञान शाखेतून आलोय, त्यामुळे माझं उदाहरण रसायनशास्त्राचं आहे.

समजा, चाकणजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला एक मुलगा आलाय. आठवीपर्यंत तो बिहारमध्ये हिंदी माध्यमात शिकला. वडील कंपनीत कंत्राटी कामगार. विज्ञानाच्या पेपरात तो लिहितो, “सोडियम हायड्रॉक्साइड हा क्षार आहे.” बाई चूक देतात, कारण आपल्या बालभारतीच्या पुस्तकात तो आम्लारी आहे, आणि क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणारं संयुग. पण हिंदी पुस्तकात त्या संयुगाला ‘लवण’ म्हणतात, आणि पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला ‘क्षार’. म्हणजे मुलाचं रसायनशास्त्र बरोबर आहे, गुण मात्र गेला. बाईंचाही दोष नाही. हा शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी चालतो हे त्यांना बी.एड.ला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता आपलं नेहमीचं संशोधन बघा. शीर्षक साधारण असं: ‘विद्यार्थी-शिक्षकांच्या बहुभाषिकतेविषयीच्या अभिवृत्तीवर प्रशिक्षण कार्यक्रमाचा परिणाम’. पाच बिंदूंची मापनी, पूर्वचाचणी, तीन दिवसांची कार्यशाळा, उत्तरचाचणी, टी-मूल्य सार्थक, परिकल्पनेचा त्याग. झालं! पण तीन दिवस भाषांच्या आदरावर व्याख्यानं ऐकल्यावर ‘सर्व भाषांचा सन्मान करावा’ या विधानापुढे ‘असहमत’ कोण लिहिणार? जी चाचणी नापास होऊच शकत नाही ती काही मोजत नाही. अभिवृत्ती महत्त्वाची नाही असं नाही. मुलाच्या उच्चारावर वर्गाला हसू देणारा शिक्षक पुढचं सगळं बिघडवतो. पण मनाने उदार असलेला शिक्षकही ‘क्षार’ला चूकच देईल, कारण तिथे अडचण माहितीची आहे.

हा साचा आला कुठून? थोडा दोष अभ्यासक्रमाच्या रचनेचा आहे. एनसीटीईच्या 2014च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात ‘लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम’ हा विषय आला. कल्पना इंग्लंडच्या 1975च्या बुलक अहवालातून प्रसिद्ध झालेली: भाषा ही प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची जबाबदारी आहे. आपल्याकडे तिला अर्धा पेपर मिळाला, आणि विज्ञान-अध्यापन पद्धतीचा पेपर वेगळा राहिला. एका पेपरात बहुभाषिकतेची व्याख्या पाठ करायची, दुसऱ्यात आम्ल-आम्लारीचं पाठ-टाचण काढायचं. दोन्ही एकत्र आणायचं काम कुणाचंच नाही.

धोरणाची भाषाही माध्यमिकपाशी येऊन सैल होते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 मातृभाषेतून शिकवण्याबद्दल ‘शक्यतो’ म्हणतं, आणि तो कायदाच 6 ते 14 वयापुरता. 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मातृभाषेचा आग्रह पाचवीपर्यंत धरतं, जमल्यास आठवी आणि पुढे. घरची भाषा वेगळी असेल तिथे शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत वापरावी असंही म्हणतं. नववीच्या विज्ञानाच्या तासाला ती वापरायची कशी, ते प्रशिक्षणाने ठरवायचं असतं.

दुसरी अडचण उसन्या सिद्धान्तांची. जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच-सात वर्षं लागतात, हे त्यांचं म्हणणं प्रत्येक प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात असतंच. पण ते कॅनडात इंग्रजी शिकणाऱ्या स्थलांतरित मुलांवरून आलंय. हिंदी आणि मराठीची लिपी एक, निम्मी परिभाषा एक. इथे अडचण जवळिकीतून येते. संवेग, त्वरण, विस्थापन दोन्हीकडे सारखेच, तिथे शिकवायला काही नाही. आरसा-दर्पण, घनता-घनत्व वेगळे, पण एकदा सांगितले की झालं. ‘क्षार’ मात्र सारखा दिसतो आणि फसवतो. कलबुर्गीहून आलेल्या मुलाला तर आधी लिपीच नवी. या सगळ्यांना ‘बहुभाषिक विद्यार्थी’ या एकाच गटात टाकून सरासरी काढली, तर त्यातून काय कळणार?

आणि गट तरी कसे पाडणार? पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 साली आली, चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या 2001 ला सुमारे 10 लाख होती, 2011 ला 17 लाखांच्या वर गेली. इतकी माणसं आली, पण शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात बहुतेकदा ‘हिंदी’ किंवा ‘मराठी’च पडतं. जनगणनेतही भोजपुरी बोलणारे 5 कोटींहून जास्त लोक हिंदीतच मोजले जातात, आणि लमाणीसुद्धा. उलट खानदेशातून आलेलं अहिराणी बोलणारं मूल रकान्यात ‘मराठी’ म्हणून बसतं आणि संशोधकाच्या नमुन्यातून गायब होतं.

मग तुम्ही काय कराल? माझं सुचवणं साधं आहे. एक, रकान्यावर विसंबू नका. ‘घरी आजीशी काय बोलतोस? आधीची पुस्तकं कोणत्या भाषेत होती?’ हे विचारा. विचारताना जपून, कारण भाषेच्या यादीतून ‘बाहेरचा कोण’ याचीही यादी तयार होते. ती शाळेच्या हाती जाणार नाही याची आधी तजवीज करा. दोन, एकच धडा घ्या, त्यातल्या संज्ञांचे सारख्या, वेगळ्या आणि फसव्या असे तीन ढीग करा आणि प्रशिक्षण त्यावर द्या. तीन, परिणाम शिक्षकाच्या मापनीवर मोजू नका. प्रशिक्षणाआधी आणि नंतर त्याच शिक्षकाला मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला द्या. भाषेची गफलत आणि संकल्पनेची चूक त्याला वेगळी ओळखता येते का ते बघा. ही चाचणी नापास होऊ शकते, म्हणून ती घेण्यासारखी आहे.

नमुना लहान राहील, टी-मूल्य कदाचित सार्थक येणार नाही. मार्गदर्शक नाराज होतील, तयारी ठेवा. पण दहावीला जाण्याआधी त्या मुलाला आपलं रसायनशास्त्र कच्चं आहे असं वाटू लागतं, आणि ते खरं नसतं. ही गोष्ट कुणीतरी आकड्यांत दाखवायला हवी. प्रस्ताव लिहिताना हा प्रश्न पहिल्या पानावर ठेवा.