सॅलिंजरच्या कथांतील ग्लास भावंडे : उपदेश आणि वारसा

जे. डी. सॅलिंजर (१९१९–२०१०) या अमेरिकन कथाकाराच्या ग्लास कुटुंबविषयक कथांकडे आपल्याकडील अभ्यासक वळतो तो बहुधा एका दारामुळे. ‘झूई’ या दीर्घकथेत सीमोर आणि बडी या थोरल्या भावांची जुनी खोली आहे. तिच्या दाराच्या आतल्या अंगाला एक पांढरा फळा ठोकलेला असून त्यावर जगभरच्या ग्रंथांतील वेचे उतरवून ठेवलेले आहेत. तेथे एपिक्टेटस आहे, टॉलस्टॉय आहे, काफ्का आहे, जपानी कवी इस्सा आहे. रामकृष्ण परमहंस आहेत आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील कर्मफलत्यागाचा उताराही आहे. न्यूयॉर्कच्या रामकृष्ण-विवेकानंद केंद्राशी व तेथील स्वामी निखिलानंदांशी सॅलिंजरचा संबंध होता, ही गोष्टही प्रसिद्धच आहे. या दोहोंची सांगड घालून ‘झूई’ म्हणजे कर्मयोगाचे अमेरिकन भाष्य होय, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि आपल्या मनाला सुखावणारेही आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. गीता या कथेत आहे हे निर्विवाद. परंतु ती प्रथम येते ती दुखण्याचे औषध म्हणून नव्हे, तर दुखण्याचे एक कारण म्हणून.

या कुटुंबाची घडणच विलक्षण आहे. वडील लेस ज्यू, आई बेसी आयरिश वंशाची. दोघे व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच, गाणी, नकला आणि कसरती यांच्या मिश्र खेळांच्या रंगमंचावरील एकेकाळची लोकप्रिय जोडी. त्यांची सात मुले १९२७ ते १९४३ या काळात एकामागून एक ‘इट्स अ वाइज चाइल्ड’ या रेडिओवरील प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात झळकली. सर्वांत थोरल्या सीमोरने १९४८ साली फ्लोरिडात आत्महत्या केली. वॉल्ट त्यापूर्वीच, १९४५ साली, जपानमध्ये अपघातात मरण पावला होता. त्याचा जुळा भाऊ वेकर कॅथलिक धर्मगुरू झाला. उरलेल्यांत बू बू संसारात आहे, बडी लेखक व अध्यापक आहे, झूई दूरचित्रवाणीवरील नट आहे आणि धाकटी फ्रॅनी महाविद्यालयात शिकते आहे.

‘फ्रॅनी’ (जानेवारी १९५५) आणि ‘झूई’ (मे १९५७) या दोन्ही कथा प्रथम ‘द न्यूयॉर्कर’मध्ये आल्या व १९६१ साली एका पुस्तकात एकत्र झाल्या. पहिल्या कथेत फ्रॅनी मित्राबरोबर उपाहारगृहात जेवावयास बसली असता अखंड नामजप शिकविणाऱ्या एका रशियन यात्रेकरूच्या पुस्तकाविषयी बोलते आणि शेवटी मूर्च्छित होते. दुसऱ्या कथेत ती घरी दिवाणखान्यातील कोचावर पडून आहे, जेवत नाही, ओठांनी जप चालू आहे. नाटकातील भूमिका तिने सोडून दिली आहे, ही गोष्ट वाचक सहसा विसरतो. पुढे तिचेच महत्त्व आहे.

तिला हे पुस्तक मिळाले कोठून? सीमोरच्या टेबलावरून. बडीने झूईस लिहिलेल्या, चार वर्षे जपून ठेवलेल्या पत्रातून याचे मूळ उलगडते. थोरल्या दोघांनी ठरविले होते की, धाकट्या दोघांचे शिक्षण नेहमीच्या विद्यांपासून सुरू करावयाचे नाही. होमर-शेक्सपिअरच्या आधी त्यांना संत, बुद्ध, ज्ञानी पुरुष यांची ओळख व्हावी. हेतू उदात्तच होता. पण त्याचे फळ झूईच्या तोंडूनच ऐकावे : आपणा दोघांना त्यांनी विचित्र प्राणी करून ठेवले, अशा आशयाची त्याची तक्रार आहे. फळावरील वेचे हा त्या अभ्यासक्रमाचाच अवशेष होय. मराठी वाचकास येथे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पण तेथे बंधू हाच गुरू आहे आणि त्याचा भार कोणास वाटत नाही. येथे बंधू गुरू झाला म्हणूनच धाकट्यांची कोंडी झाली आहे.

आता कथेची बांधणी पाहावी. झूई प्रथम दिवाणखान्यात समोर उभा राहून बहिणीला उपदेश करतो. जपाने पुण्य साठविणे आणि धन साठविणे यांत फरक काय, हा त्याचा प्रश्न बिनतोड आहे. परिणाम एवढाच की फ्रॅनी रडू लागते. मग तो त्या जुन्या खोलीत जातो, फळ्यावरील काही वेचे वाचतो, डोक्यावर हातरुमाल ठेवून बराच वेळ बसून राहतो आणि तेथील फोनवरून बडीचा आवाज काढून घरातच बहिणीशी बोलतो. म्हणजे तो गुरूचे सोंग घेतो. ते सोंगही टिकत नाही. एका खास त्याच्याच थाटाच्या थट्टेवरून ती त्याला ओळखते. ज्या संवादाने तिला धीर येतो तो यानंतरचा आहे. उपदेशक म्हणून एकदा आणि थोरला भाऊ म्हणून एकदा असा दोनदा हरल्यावरच झूई तिच्याशी बोलू शकतो.

आणि बोलतो ते काय? निष्कामतेचा विचार त्यात आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु तो अभिनयाच्या परिभाषेत येतो. तू नटी आहेस, तर नट, आणि नीट नट. पुढे सीमोरची आठवण येते. कार्यक्रमाला निघताना लहानगा झूई बूट पुसावयास तयार नव्हता. रेडिओवर बूट दिसतात कोणाला? सीमोरने सांगितले, त्या लठ्ठ बाईसाठी पूस. ही बाई कोण हे त्याने कधीच सांगितले नाही. दोघा भावंडांनी आपापल्या कल्पनेने ती रंगविली. न दिसणाऱ्या प्रेक्षकासाठी नीटनेटके उभे राहावे, हा धडा फळ्यावरचा नाही. तो लेस आणि बेसी यांच्या व्यवसायातला आहे. ‘सीमोर : ॲन इंट्रोडक्शन’ (१९५९) या कथेतही असाच एक सूचक प्रसंग आहे. जो जॅक्सन या कसरतपटूच्या सायकलवर बसून लहानपणी रंगमंचभर केलेली फेरी आठवते का, असे वडील विचारतात. आपण त्या सायकलवरून कधी उतरलो की नाही याचीच खात्री नाही, असे सीमोर गंभीरपणे उत्तरतो. झूई शेवटी त्या लठ्ठ बाईत ख्रिस्त पाहतो, हे कथेचे प्रकट तात्पर्य. आमच्या मते ते काहीसे घाईने उरकले आहे. बाई मात्र खरी वाटते.

या कथांवरील आक्षेप जुने आहेत. जॉन अपडाइकने १९६१ साली परीक्षणात म्हटले की लेखकाचे या कुटुंबावरील प्रेम प्रमाणाबाहेर गेले आहे. मेरी मॅकार्थीने १९६२ साली हे स्वतःवरच लुब्ध असलेले बंदिस्त वर्तुळ आहे, असा आरोप केला. तो अगदीच निराधार नाही. फ्रॅनीचा मित्र लेन याला कथाकाराने न्याय दिलेला नाही. कुटुंबाबाहेरचा एवढाच त्याचा मुख्य गुन्हा दिसतो. पण बेसीचे काय? जुना किमोनो घालून स्नानगृहात ठाण मांडणारी, सूप घे म्हणून मुलीच्या मागे लागणारी ही आई त्या वर्तुळाच्या आतच आहे, आणि तिने आणलेले सूप हे प्रसादासारखे आहे हे झूई फ्रॅनीला बजावतो. त्या सूपचा पत्ता दाराच्या फळ्यावर कोठेही नाही.

सॅलिंजरच्या हयातीत प्रसिद्ध झालेली शेवटची कथा ‘हॅपवर्थ १६, १९२४’ (जून १९६५). तीत सात वर्षांचा सीमोर शिबिरातून घरी लांबलचक पत्र लिहितो, विवेकानंदांची स्तुती करतो, ग्रंथांच्या याद्या पाठवितो. भावंडांच्या आठवणींतून ऐकू येणारा सीमोर जितका जिवंत वाटतो तितका हा स्वतः बोलणारा सीमोर वाटत नाही. येथे फळाच बोलू लागला आहे.