कात्रीचा हक्क

सिनेमा पाहणारा मनुष्य आणि सिनेमा शिकणारा मनुष्य यांत एक मूलभूत फरक आहे. पाहणारा मनुष्य तिकिटाचे पैसे देतो आणि मनसोक्त रडतो. शिकणारा मनुष्य भरमसाट फी देतो आणि तरीही रडत नाही. आपण डोळ्यांना रुमाल लावलेला असताना तो शेजारी बसून ‘हा कट दोन फ्रेम लवकर आला’ असं पुटपुटतो. असा एक मनुष्य माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटी जन्माला आला आहे. तो पुण्याकडे चित्रपटाचं शिक्षण घेतो आणि सुट्टी लागली की आजोळी, म्हणजे आमच्या हिंगणीला येतो. येताना लॅपटॉप आणतो आणि मतं आणतो. पैकी लॅपटॉप अधूनमधून बंद तरी असतो.

त्याच्या मतांचा सारांश तीन कलमांत सांगता येईल. एक, टीव्हीवरच्या मालिका म्हणजे गुन्हा आहे. दोन, उत्तम संकलन ते, जे दिसतच नाही. तीन, जे कथा पुढे नेत नाही ते बिनदिक्कत कापावं. दुसरं कलम त्याने मला एका रात्री सिनेमा मध्येच थांबवून समजावलं.

“मामाजी, तुमाले आत्ता कट दिसला का?”

“नाही बुवा.”

“मंग तोच चांगला कट.”

ही व्याख्या मला तात्काळ पटली, कारण बँकेतल्या कारकुनाची व्याख्याही हीच आहे. सगळा हिशेब जुळला तर आम्ही कोणाला दिसत नाही. दोन रुपये कमी पडले की साऱ्या शाखेला दिसतो.

पण या न दिसणाऱ्या जमातीत आहेत तरी कोण, म्हणून मी जरा चौकशी केली. ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला लागला. गब्बरचे संवाद पाठ नसलेला मुलगा आमच्या वर्गात परगावचा समजला जाई, इतका तो सिनेमा पुढच्या पिढीपर्यंत पोचला. अशा या ‘शोले’ला त्या वर्षाच्या फिल्मफेअर पारितोषिकांत किती बाहुल्या मिळाल्या असतील? एक. तीही गब्बरला नाही, जयला नाही, वीरूला नाही, संवाद लिहिणाऱ्या सलीम-जावेदनाही नाही. ती मिळाली संकलक एम. एस. शिंदे यांना. आडनाव वाचून माझी छाती इंचभर फुगली.

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे आकडा दिसला की माझा हात आपोआप वजाबाकी करू लागतो. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटी या वेगाने मिनिटाला 90 फूट धावते. ‘शोले’चं चित्रण सुमारे तीन लाख फूट झालं होतं असं सांगतात. म्हणजे साडेपंचावन्न तास झाले. त्यातून उरला 3 तास 24 मिनिटांचा, म्हणजे अठरा हजारांवर थोड्या फुटांचा सिनेमा. सोळा फुटांतला एक फूट ठेवला आणि पंधरा टाकले! तेही हाताने. फिल्मची पट्टी उजेडात धरायची, यंत्रात घालून बघायची, कापायची, चिकटपट्टीने जोडायची. पुन्हा बघायचं, पुन्हा सोडायचं. आमच्या भाच्याला एक चुकीचा कट मोडायला दोन बोटं लागतात. त्या काळी तेवढ्यासाठी कोपऱ्यातल्या पेटाऱ्यातून नेमका वीतभर तुकडा शोधावा लागे.

या धंद्याचा आपल्याकडचा उगमच मुळी घरातला आहे. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांच्या घरी फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून जोडकामापर्यंत हात होता तो सरस्वतीबाई फाळक्यांचा. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्याच करत. काय ठेवावं, काय टाकावं आणि कशाला किती वेळ द्यावा, हे भाजी निवडणाऱ्या बाईला निराळं शिकवावं लागत नसावं.

आता कलम एक. मालिकांवरचा भाच्याचा राग रास्त आहे. रशियात 1920 च्या सुमाराला लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा एकच कोरा चेहरा घेतला आणि तो आधी सुपाच्या ताटलीशेजारी, मग शवपेटीशेजारी, मग एका सुंदर बाईशेजारी जोडला. लोकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि लालसा अशा तिन्ही भावना दिसल्या. आपल्या मालिकांनी हा प्रयोग उलटा यशस्वी केला आहे. सून म्हणते, “मी हे घर सोडून चाललेय.” त्यासरशी सासू, ढँण! सासरे, ढँण! नणंद, ढँण! घरात नऊ माणसं, प्रत्येकाचा चेहरा तीनदा, दर खेपेला दोन सेकंद. म्हणजे 54 सेकंद झाले आणि सून अजून उंबऱ्यातच. कुलेशोव्हने एका चेहऱ्यात तीन भावना दाखवल्या. इथे सत्तावीस चेहऱ्यांत मिळून एक.

परंतु फिर्यादीइतकंच आरोपीचंही ऐकावं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं उरतात, आणि ती रोज भरायची असतात. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका नावाप्रमाणे चार दिवस चालली नाही. ती 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. तीन हजार भाग ‘शोले’च्या हिशेबाने कापायचे ठरवले, तर कापणाऱ्याच्या नातवाला पेन्शन लागेल. शिवाय मी आमच्या आईला मालिका पाहताना पाहिलं आहे. तिच्या पुढ्यात लसणाची परडी असते, कान कुकरच्या शिट्टीकडे असतो आणि मध्येच कोणीतरी दारात येऊन विरजण मागतं. ती परत वळते तेव्हा सासूचा चेहरा तिसऱ्यांदा चाललेला असतो आणि तिचं काहीही चुकलेलं नसतं. मालिका कापणाऱ्याला हे ठाऊक आहे. तो पाहणाऱ्यासाठी कापत नाही, न पाहणाऱ्यासाठी कापतो.

भाच्याच्या पिढीचं दुखणं याच्या नेमकं उलट आहे. बोर धरणाकडे आणि जंगलाकडे जाणारी वाट आमच्या गावावरून जाते. 2014 साली बोरला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून वाघ पाहायला जाणारी आणि न पाहता परतणारी मंडळी आम्हाला नित्य दिसतात. पैकी एखाद्याला वाघ दिसलाच, तर रात्री त्याची तीस सेकंदांची रील सगळ्यांच्या हातात येते. वाघ, वाघाचं शेपूट, छातीत धडधडणारं संगीत, पुन्हा वाघ. आधीचे चार तास कुठे गेले? धुळीत बसलेली माणसं, सांबराचा इशारा ऐकून गाईडचं वर झालेलं बोट, थबकलेली जीप, आणि मग काहीच नाही. रील पाहणाऱ्याला वाटतं, जंगल म्हणजे वाघांची वरात. आमच्या गावचे म्हातारे मात्र जंगलाची गोष्ट सांगू लागले की वाघ शेवटच्या वाक्यात येतो, तोवर ऐकणाऱ्याचा चहा थंड होऊन जातो.

म्हणून मला तिसरं कलम खटकतं. कथा पुढे नेत नाही ते कापा म्हणे! भाच्याचाच लाडका ‘कोर्ट’ घ्या. चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा हा सिनेमा रिखव देसाई यांनी संकलित केला. लोकशाहिरावरचा खटला रेंगाळत असतो आणि कॅमेराही कुठेही घाई न करता बसून राहतो. शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, एकेक दिवा मालवतो आणि पडद्यावर काळोख होतो. संपलं म्हणून मी चपला शोधू लागलो. तर सिनेमा पुढे चालू! सुट्टीवर गेलेले न्यायाधीश सहलीला जातात, गप्पा मारतात, बाकावर डुलक्या घेतात. खटल्याची कथा यातून तसूभर पुढे जात नाही. पण हे काढा, आणि तो शाहीर कोणाच्या हाती सापडला आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही. तीच गोष्ट नागराज मंजुळ्यांच्या ‘सैराट’ची. 2016 साली अवघ्या महाराष्ट्राला नाचवणाऱ्या त्या सिनेमाच्या शेवटी कुतुब इनामदारांच्या संकलनात संगीत तर नाहीच, आवाजही नाही. नुसतं एक लेकरू रक्ताची पावलं उमटवत चालत जातं. कथा त्याआधीच संपलेली असते.

हे सारं मी भाच्याला तोंडी सांगितलं असतं, तर त्याने ‘मामाजी, ते वेगळं’ म्हणून उडवून लावलं असतं. ते त्याला दुसऱ्याच कोणीतरी शिकवलं.

आमच्या बहिणीचं लग्न 1999 साली हिंगणीलाच, दारच्या मांडवात झालं. त्याची तीन तासांची व्हिडिओ कॅसेट माळ्यावर होती. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटी म्हणजे संकलनकलेचा शिमगा. नवरी कमळातून उगवायची, नवरा बदामातून डोकवायचा, आणि वर्ध्याच्या पलीकडे न गेलेलं जोडपं अंतरपाटानंतर थेट काश्मीरच्या बर्फावर उभं राहायचं. भाच्याने ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिचा सात मिनिटांचा सिनेमा केला. कमळं गेली, बदाम गेले, काश्मीर भारताच्या मूळ जागी गेलं. मागे मंद सतार. खरोखर देखणं काम होतं. एकही कट दिसत नव्हता. आमच्या मेव्हण्यांनी तर चष्मा पुसण्याच्या मिषाने डोळे पुसले.

आई मात्र पुढ्यात बसून पडद्याच्या मागे काहीतरी शोधत असल्यासारखी पाहत होती. संपल्यावर म्हणाली, “बाबू, तुहे आबाजी कुठी हायेत?”

आमचे वडील त्या लग्नात एकाही फोटोत उभे राहिले नव्हते. मुलीच्या बापाला तेवढी उसंत कुठली? अख्ख्या कॅसेटमध्ये ते एकदाच दिसतात. जेवणाची पंगत चालली आहे, आणि ते कॅमेऱ्याकडे पाठ करून, धोतराचा सोगा खोचून, किती पानं व्हायची राहिली ते बोटाने मोजताहेत. जेमतेम वीस सेकंद. त्यानंतर सहा वर्षांनी ते गेले. त्यांचं चालतं-बोलतं चित्र म्हणून जगात शिल्लक आहे ते एवढंच.

“आजी, तिथी कॅमेरा लय हालत होता,” भाचा म्हणाला. “आन् तोंडबी नाई दिसत.”

“पाठ दिसते ना,” आई म्हणाली. “मले पाठ वयखता येते.”

मग उलगडा झाला. पठ्ठ्याने तीन तासांची कॅसेट आठपट वेगाने पळवून पाहिली होती. आठपट वेगात पंगत म्हणजे नुसती वळवळ. त्यात आबाजी अडीच सेकंदांचे.

मला वाटतं, सगळं इथेच आहे. ‘शोले’चे दोन लाख ऐंशी हजार फूट टाकून दिले, पण कापणाऱ्याला ते आधी डोळ्यांखालून घालावे लागलेच. कात्री चालवण्याचा हक्क ज्याने सगळं पाहिलं त्यालाच आहे. व्हाउचर वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, हा आमच्याकडचा नियम तोच आहे. आणि कापलेलंही जपून ठेवावं. ‘शोले’चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला स्वतः ठार मारतो, आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावला. तो 2025 साली इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मोठ्या पडद्यावर परत आला. पन्नास वर्षं कोणीतरी तो सांभाळला होता, म्हणून.

भाचा दुसऱ्या दिवशी दुपारी आजीशेजारी बसला आणि तीन तास, कमळांसकट, साध्या वेगाने त्याने कॅसेट पाहिली. आई दर माणसापाशी त्याला थांबवून कोण, कोणाचं, आता कुठे, ते सांगत होती. तीन तासांना पाच तास लागले.

त्याचा सिनेमा आता सात मिनिटं वीस सेकंदांचा झाला आहे. मंद सतारीच्या मध्येच पंगतीचा कल्ला घुसतो, चित्र गदगदा हलतं, एक पाठ दिसते, बोट हवेत मोजतं, आणि धाडकन पुन्हा सतार. अलीकडचा कट दिसतो, पलीकडचाही दिसतो. त्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे हे दोन्ही कट साफ नापास. मी त्याला तसं म्हणालोही.

“दिसू द्या, मामाजी,” तो म्हणाला.