पवनचक्क्या आणि वटवाघळे : चाळकेवाडीच्या अभ्यासाची एक चिकित्सा

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावरील पवनचक्क्यांच्या परिणामांविषयी मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांचा शोधनिबंध २०१८ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे एक चतुर्थांश उरले, परिणामी सरडे वाढले व त्यांचे वर्तनही बदलले, असा त्याचा निष्कर्ष आहे. केवळ मृत पक्षी न मोजता संपूर्ण अन्नसाखळीचा विचार करणे, हे या अभ्यासाचे मोठे योगदान होय.

तथापि ही साखळी दिवसाची आहे. रात्री त्याच पात्यांजवळ कीटक टिपणारी वटवाघळे या मांडणीबाहेर राहतात. हा धोका काल्पनिक नाही. गुजरातमधील कच्छ येथे पवनचक्क्यांमुळे वटवाघळे मृत झाल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. उत्तर अमेरिकेत अशा मृत्यूंमध्ये स्थलांतर करणाऱ्या जातींचे प्रमाण सर्वाधिक आढळते. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देत असल्याने ही हानी सहजासहजी भरून निघत नाही.

धोरणातही हीच उणीव दिसते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही. फलाहारी वटवाघळे तर वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत 'उपद्रवी' गणली जात होती. 'स्वच्छ ऊर्जा' या विशेषणाने हे प्रश्न मिटत नाहीत.

याचा अर्थ पवनऊर्जा नाकारावी, असा नव्हे. वटवाघळे प्रामुख्याने मंद वाऱ्याच्या रात्री उडतात. अशा वेळी पाती थांबवल्यास मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटतात व वार्षिक वीजनिर्मितीत एक टक्क्याहून कमी घट होते, असे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील प्रयोगात दिसून आले. उपाय आहे, परंतु तो योजण्यासाठी कोठे, कोणती व किती वटवाघळे आहेत, हे आधी ठाऊक असावे लागते.

येथेच महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. गोखिवरे परिसरात पवनचक्क्या नसल्या, तरी २००३ मध्ये घोषित झालेले तुंगारेश्वर अभयारण्य लगतच आहे. वड, उंबर, जुन्या वास्तू व गुहा येथील वसतिस्थानांची ऋतुनिहाय नोंद प्राणिशास्त्र विभागांना अल्प खर्चात करता येईल. अशी नोंद प्रकल्प येण्यापूर्वीच असली, तरच तिला पुराव्याचे मोल येते.