पडद्यापुढचे तान्हे

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द ट्यूब्ज’ या रॉक वाद्यवृंदाची ‘रिमोट कंट्रोल’ (१९७९) ही ध्वनिमुद्रिका आम्ही ऐकण्याआधी पाहिली. वेष्टनावर एक तान्हे बाळ आहे. खास घडवलेल्या यंत्रात बसून ते दूरचित्रवाणीचा पडदा न्याहाळते आहे. आईचा कोठे मागमूस नाही.

अकरा गीतांतून कथा उलगडते ती दूरचित्रवाणीवरच पोसल्या गेलेल्या एका भोळ्या जिवाची. प्रेरणा येझी कोशिन्स्की यांच्या ‘बीइंग देअर’ (१९७०) या कादंबरीची. त्या कादंबरीतील चान्स निदान माळी होता, त्याच्या हातांना माती ठाऊक होती. येथे ती बागही उरलेली नाही.

निर्माते टॉड रंडग्रेन यांनी ध्वनी इतका चकचकीत ठेवला आहे की, उपहास कोठे संपतो आणि जाहिरात कोठे सुरू होते हे कळू नये. प्रथम आम्हांस हा दोष वाटला. पण मोहाची निंदा मोहक शब्दांत करणे आम्हां प्रवचनकारांच्याही अंगवळणी पडलेले आहे. तेव्हा त्याविषयी अधिक न बोलणे बरे.

‘लव्ह्ज अ मिस्ट्री’ या गीतापाशी मात्र उपहास गळून पडतो. पडद्यावर असंख्य प्रणयप्रसंग पाहिलेला हा माणूस खऱ्या प्रेमापुढे निरक्षर ठरतो, आणि त्याला हसणे आम्हांस जमले नाही. लगेच ‘टेलिसाइड’ हे अखेरचे गीत येते. नावातच मृत्यूची चाहूल आहे. एवढी घाई कशासाठी? त्या कबुलीनंतर क्षणभर शांतता हवी होती. आम्ही सुई उचलून पुन्हा मागच्या गीतावर ठेवली.