चांदीपुरा विषाणूच्या तापमान-संवेदी उत्परिवर्तींची पूरकता-चिकित्सा : एक समीक्षा

प्रस्तावना :
१९६५ मध्ये नागपूर परिसरातील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने एक नवा विषाणू वेगळा केला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील मेंदूज्वराच्या साथीत ३२९ बाधित बालकांपैकी १८३ दगावली, तेव्हा हे नाव सर्वतोमुखी झाले. तत्पूर्वी, १९८० मध्येच डी. ए. गाडकरी व सी. आर. प्रिंगल यांनी ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’मध्ये या विषाणूच्या तापमान-संवेदी उत्परिवर्तींच्या पूरकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रस्तुत टिपणात त्या पद्धतीची चिकित्सा केली आहे.

कसोटीचे स्वरूप :
तापमान-संवेदी उत्परिवर्ती कमी तापमानात वाढतो, उच्च तापमानात वाढत नाही. असे दोन उत्परिवर्ती उच्च तापमानात एकाच पेशीत आणल्यावर विषाणूंचे उत्पादन दोहोंच्या स्वतंत्र उत्पादनांच्या बेरजेपेक्षा लक्षणीय वाढले, तर एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली असे मानतात. संतती मात्र उत्परिवर्तीच राहते. म्हणून तिची मोजणी कमी तापमानात करावी लागते. या कुळातील विषाणूंत पुनःसंयोग जवळजवळ आढळत नसल्याने जनुकनकाशाचा नेहमीचा मार्ग बंद होता. या कसोटीचे महत्त्व त्यातूनच वाढले.

मूल्यमापन :
या अभ्यासात पूरकतेचे सहा गट मिळाले; विषाणूची जनुके मात्र पाच आहेत. ‘एक गट म्हणजे एक जनुक’ हे वर्गात सर्रास शिकविले जाणारे समीकरण येथे टिकत नाही. प्रथिनाचे अनेक रेणू एकत्र येऊन कार्य करीत असतील, किंवा एकाच प्रथिनाची दोन स्वतंत्र कार्ये असतील, तर एकाच जनुकातील दोन भिन्न दोषही परस्परांना सावरू शकतात. शोधनिबंधाच्या शीर्षकातच गटांतर्गत पूरकतेचा उल्लेख करून लेखकांनी ही गुंतागुंत झाकलेली नाही, हे त्याचे बलस्थान होय. उलटपक्षी, सदोष प्रथिनाने निर्दोष प्रथिनाच्या कार्यात अडथळा आणल्यास भिन्न जनुकांतील उत्परिवर्तीही एकाच गटात पडल्यासारखे भासतात. तात्पर्य, ही कसोटी कार्याविषयी बोलते, जनुकाचा पत्ता देत नाही. त्यासाठी प्रथिनांचे जैवरासायनिक परीक्षण वा जनुकीय अनुक्रमाची निश्चिती आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
गुजरातमधील २०२४ च्या साथीने हा विषाणू पुन्हा चर्चेत आणला. औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेवाचूनही पूरकतेचा तक्ता फळ्यावर मांडता येतो. विद्यार्थ्यांना गटांची तयार संख्या न सांगता ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हे विचारण्याची सवय लावणे, हीच या जुन्या शोधनिबंधाची आजची उपयुक्तता होय.