मानपत्रानंतरची कात्री

दिग्दर्शिका इंग के. यांचा ‘शेक्सपिअर मस्ट डाय’ २०२४ साली थायलंडच्या चित्रपटगृहांत लागला. बंदी २०१२ ची, ती उठवणारा निकाल तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचा. मध्ये बारा वर्षे गेली. ‘मॅकबेथ’चे हे थाई रूपांतर देशात दुही माजवील असे सेन्सॉर समितीला वाटले होते. चित्रपटाला मदत सांस्कृतिक मंत्रालयाच्या निधीतून मिळाली होती आणि समितीही त्याच मंत्रालयाच्या छत्राखालची. निर्माते होते मानित श्रीवनिचपूम; आणि कलावंतांना सिल्पाथोर्न पुरस्कार देणारे समकालीन कला कार्यालयही याच मंत्रालयाचे. तीस ते पन्नास वयाच्या कलावंतांसाठी हा पुरस्कार २००४ पासून सुरू आहे. उतारवयातल्या मानासाठी ‘राष्ट्रीय कलावंत’ ही पदवी तिथे आधीपासून आहेच. सिल्पाथोर्नचे वेगळेपण हे, की ज्याचे निम्मे काम अजून व्हायचे आहे त्याच्या पाठीवर तो हात ठेवतो. म्हणून त्याची पारख मानकऱ्यांच्या यादीवरून करणे अपुरे आहे. पुरस्कारानंतर त्या माणसाला काय करू दिले, हे पाहिले पाहिजे.

यादीबद्दल म्हणाल तर सुरुवातीच्या निवड समित्यांची नजर तेज होती. परंपरा अंगात मुरलेली, पण तिच्यापुढे हात जोडून थांबायची तयारी नाही, असे कलावंत त्यांनी हेरले. २००६ चे मानकरी पिचेत क्लुन्चुन यांचेच पाहा. रामकियेन, म्हणजे थाई रामायण, मुखवट्यांनिशी नाचून सांगणाऱ्या खोन या दरबारी प्रकारात ते राक्षसाच्या भूमिकेसाठी तयार झाले. फ्रेंच नृत्यकार जेरोम बेल यांच्याबरोबरच्या प्रयोगात दोघे समोरासमोर खुर्च्यांवर बसतात आणि एकमेकांना प्रश्न विचारतात. खोनमध्ये मृत्यू रंगमंचावर दाखवत नाहीत, असे पिचेत सांगतात आणि उठून इतक्या संथपणे चालत जातात की त्या चालीतूनच मरण कळते. निषेधाच्या घोषणेपेक्षा हे मोठे धाडस आहे, कारण शास्त्राला शास्त्राच्याच तोंडून बोलायला लावले आहे. पुढे ‘नंबर ६०’ मध्ये त्यांनी परंपरेच्या ५९ मूळ मुद्रा सुट्या करून त्यांमागची तत्त्वे शोधली आणि साठावीची वाट मोकळी केली. मानित छायाचित्रकारही आहेत; त्यांचा गुलाबी सॅटिनच्या सुटातला, खरेदीची गुलाबी ढकलगाडी घेतलेला माणूस याच जातीचा. ऑक्टोबर १९७६ मध्ये थम्मसात विद्यापीठात झालेल्या हत्याकांडाच्या छायाचित्रांत तो बघ्यासारखा उभा राहतो, तेव्हा पाहणाऱ्यालाही स्वतःची जागा तपासावी लागते. याउलट सोनेरी बुद्धचित्रांची चलती विक्रीची आहे, कलेची नाही.

पण ही नजर ज्यांनी दाखवली त्यांच्याच घरात परंपरेचे रखवालदार बसले आहेत. २०१६ साली पर्यटनाच्या एका गाण्यात तोत्साकान, म्हणजे रावण, नारळाच्या दुधाचे खनोम क्रोक भाजताना दिसला. राक्षसराजाची अवहेलना झाली अशी तक्रार झाली, प्रकरण सांस्कृतिक मंत्रालयापर्यंत गेले आणि दृश्ये कापली गेली. चित्रपट दिग्दर्शक अपिचातपोंग वीरासेथाकुल यांना २००५ मध्ये सिल्पाथोर्न मिळाला. २००७ मध्ये त्यांच्या ‘सिन्ड्रोम्स अँड अ सेंचुरी’तली चार दृश्ये कापायला सांगितली. गिटार वाजवणारा भिक्खू, खेळण्याशी खेळणारे भिक्खू, दारू पिणारे डॉक्टर, प्रेयसीचे चुंबन घेणारा डॉक्टर. सगळ्यांचाच गुन्हा एकच, की ते साध्या माणसांसारखे वागतात. कोणी म्हणेल, तेव्हाची कात्री पोलिसांच्या मंडळाची होती, पुरस्काराचे कार्यालय वेगळे. ते खरे आहे. पण २००८ च्या कायद्याने परीक्षणाचे काम सांस्कृतिक मंत्रालयाकडे आले आणि त्या कायद्यातही बंदीची तरतूद राहिलीच. ‘शेक्सपिअर मस्ट डाय’ त्याच कायद्याखाली अडकला. दुसरा आक्षेप असा, की सरकारी मान घेतला की तक्रारीचा हक्क जातो. हा युक्तिवाद मला घातक वाटतो. पुरस्कार लोकांच्या पैशातून, लोकांच्या वतीने दिला जातो. तो मालकाने चाकराला दिलेली बक्षिसी नव्हे. पण राज्याला तो बक्षिसीच वाटतो, याचा पुरावा २०२१ ने दिला: लेखक सुचात सवात्सी यांची ‘राष्ट्रीय कलावंत’ पदवी समाजमाध्यमांवरच्या लिखाणाचे कारण देऊन काढून घेतली गेली. ज्येष्ठाची ही गत, मग चाळिशीतल्याने काय समजायचे? अपिचातपोंग यांनी जे समजायचे ते त्याआधीच समजून घेतले होते. ‘सेमेट्री ऑफ स्प्लेंडर’ त्यांनी थायलंडमध्ये प्रदर्शित केला नाही आणि २०२१ चा ‘मेमोरिया’ कोलंबियात चित्रित केला. ही वेळ पुन्हा येऊ नये म्हणून, सिल्पाथोर्नच्या मानकऱ्याच्या कामावर हरकत आली की त्याला निवडणाऱ्या कार्यालयाने परीक्षण समितीपुढे लेखी म्हणणे मांडावे आणि ते जाहीर करावे, एवढा एक नियम मंत्रालय आजही करू शकते. त्याला ना नवा कायदा लागतो ना निधी.