कोपऱ्यातला अंगठा

काकांच्या फोनमध्ये कपाशीचे एकोणीस फोटो आहेत. एकाच दिवसाचे, एकाच गटातले, बहुतेक एकाच धुऱ्यावरून काढलेले. फोन भरला होता, नवीन काही उतरत नव्हतं, म्हणून "यातलं नको ते काढून टाक" असं म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. मी पुसायला बसलो आणि पुसायचं राहून बघतच बसलो.

हे फोटो हौसेचे नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यातला बारा नंबर म्हणजे पिकाची नोंद. ती पूर्वी तलाठी करायचे. शिवार फिरून करायचे की चावडीत बसून, तो वेगळा विषय. आता शेतकऱ्यानंच ॲप उघडायचं, खातं आणि गट निवडायचा, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन, लागवडीची तारीख भरायची आणि उभ्या पिकात जाऊन फोटो काढायचा. फोटोला अक्षांश-रेखांश चिकटतात. नुकसानभरपाई असो की हमीभावाची खरेदी, ही नोंद कुठे ना कुठे आडवी येतेच. त्यामुळे दर खरिपात लाखो माणसं, ज्यांनी आयुष्यात कधी कॅमेरा हाती धरला नव्हता, आपापल्या वावरात उभी राहून फोटो काढतात. एवढा मोठा छायाचित्रांचा साठा महाराष्ट्रात दुसरा असेल असं मला वाटत नाही. त्यातला एकही फोटो कुठल्या प्रदर्शनात लागणार नाही.

काकांचं गाव घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन आणि मोसंबीचा एक तुकडा.

सातवा फोटो घेतो. चौकट डावीकडे कललेली, त्यामुळे सगळं शिवार उताराला लागल्यासारखं दिसतं. मध्यभागी कंबरेएवढी कपाशी. मागे बांध, बांधावर बाभूळ. बाभळीच्या फांदीला ओल्या पोत्यात गुंडाळलेली पाण्याची कॅन. खाली धुऱ्यावर एक चप्पल. दुसरी चौकटीच्या बाहेर. वावरात शिरताना काका पायताण काढून ठेवतात. श्रद्धा की चिखल, असं विचारलं तर ते "चिखल" म्हणतील.

आता झाडाजवळ या. पुढच्याच झाडावर दोन फुलं आहेत, एक पिवळसर पांढरं, एक गुलाबी. कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी पांढुरकं पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग मिटतं आणि मागे बोंड धरतं. शहरातला माणूस म्हणेल, वा, दोन रंगांची फुलं. कापूस वेचलेला माणूस म्हणेल, हे आजचं आणि ते कालचं. कॅमेऱ्यानं सेकंदाचा एक बारीक तुकडा कापून घेतला, पण त्या तुकड्यात कालचा दिवस शिल्लक राहिला. उद्याचाही आहे, खालच्या फांदीवर पातं आहे, अजून मिटलेलं.

आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात पुढे, सगळ्यात मोठा, गुलाबी, धूसर, एक अंगठा.

हा अंगठा एकोणीसपैकी अकरा फोटोंत आहे. भिंगाच्या कडेला बोट कुठे येतं याचा काकांना अंदाज नाही. आमचे आजोबा अंगठा उठवणारे होते. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर, खरेदीखतावर, जिथे जिथे या जमिनीचं काही ठरलं तिथे त्यांचा निळा-जांभळा अंगठा आहे. काका सातवी शिकलेले, सही करतात, वळणदार करतात. तरी सरकारदरबारी जाणाऱ्या कागदावर या घराचा अंगठा उठायचा तो उठलाच.

अशा एका अंगठ्याची गोष्ट फोटोग्राफीच्या इतिहासात आहे. १९३६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ वाटाण्याच्या शेतमजुरांच्या तळावर डोरोथिया लँगनं एका आईचा फोटो काढला. दोन पोरं मान फिरवून खांद्याला बिलगलेली, मांडीवर तान्हं, आईचा हात हनुवटीपाशी. 'मायग्रंट मदर' म्हणून तो जगभर गेला. तोही सरकारी फोटो होता. मंदीत पिचलेल्या शेतमजुरांची स्थिती दाखवायला एका सरकारी खात्यानं फोटोग्राफर नेमले होते, लँग त्यातली एक. त्या चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. लँगला तो खटकला. तिनं पुढे निगेटिव्हवरच तो पुसट करून घेतला. खात्याच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर याला हे अजिबात रुचलं नाही. नंतरच्या प्रतींत त्या जागी नीट पाहिलं तर अंगठ्याचं भूत अजून दिसतं.

मी लँगच्या बाजूचा नाही. ती मोठी कलावंत, तिची नजर मोठी, पण तो अंगठा राहू द्यायला हवा होता. आईचा चेहरा आपल्याला दुःख सांगतो; तंबूचा खांब कोणाला तरी धरून ठेवावा लागतोय, हे फक्त अंगठा सांगत होता.

रोजच्या जगण्याच्या फोटोंबद्दल बोलताना आपल्याकडे एक घोटाळा होतो. 'ग्रामीण जीवन' या विषयावरच्या स्पर्धांचे फोटो पाहा. मावळतीपुढून जाणारी बैलगाडी, धुळीच्या सोनेरी झोतातली मेंढरं, सुरकुत्या मोजता येतील असा म्हाताऱ्याचा चेहरा. सगळे सुंदर, सगळे एकसारखे. त्यात रोजचं काही नसतं. रोजचं म्हणजे काय असावं याची बाहेरून आलेली कल्पना असते. आमच्या भागात संध्याकाळी बैलगाडीपेक्षा कापूस वेचणाऱ्या बायकांनी भरलेली ॲपेरिक्षा जास्त वेळा दिसते, पण तिला बक्षीस मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

खरं तर गावाकडच्या घरांत रोजच्या जगण्याचे फोटो नव्हतेच. फोटो प्रसंगाचे असत. रोलमध्ये छत्तीस, तेही जपून वापरायचे. रोजचं जगणं त्यात आलं ते चोरपावलांनी, मागच्या बाजूनं.

आमच्या जुन्या मोसंबीच्या बागेचंच घ्या. जालन्याच्या मोसंबीला आता भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा नुसतीच मोसंबी होती. २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला, मग पैसे संपले. आमचीही बाग तोडली. त्या बागेचा एकही फोटो कोणी मुद्दाम काढला नव्हता. बागेचा कशाला कोण फोटो काढतं? ती आहेच की. पण १९९४ मध्ये दिवाळीनंतर चुलतभावाचं जावळ त्याच वावरात काढलं, त्याचा एक फोटो आहे. पुढे ओळीनं माणसं, फेटे, नव्या लुगड्यांच्या घड्या, मध्ये मामाच्या मांडीवर रडणारं पोर. फोटोग्राफरनं सगळ्यांना "इकडं बघा" म्हणून ताठ केलेलं. आणि त्यांच्या मागे, धूसर, फळांनी लगडलेली एक फांदी, मोडू नये म्हणून खाली बांबूचा टेकू दिलेली. माणसं ताठ आणि झाड वाकलेलं. फोटो जावळाचा, पण आज तो घरात कोणी हातात घेतला की आधी बोट त्या फांदीकडे जातं. पोरगा आता तिशीतला बाप्या झालाय, तो रोज दिसतो. फांदी दिसत नाही.

काकांच्या फोनमध्ये नव्या मोसंबीचेही दोन फोटो आहेत. छातीएवढी झाडं, बुंध्यापाशी ठिबकची काळी नळी. एकात कडेला जुन्या झाडाचं खोड आलंय, जमिनीपासून वीतभर उरलेलं, त्याला शेळी बांधलेली. दुसऱ्यात काका दोन पावलं उजवीकडे सरकलेत आणि खोड चौकटीतून गेलंय. दुसराच फोटो त्यांनी नोंदीला लावला. हे दोन पावलं सरकणं मी फार वेळ पाहत होतो.

पुराव्यासाठी काढलेल्या फोटोंची आमच्या भागातली परंपरा मोबाइलच्या कितीतरी आधीची. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १८९९-१९०० च्या दुष्काळात सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाल यांच्या स्टुडिओनं औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळग्रस्तांचे फोटो काढले. लॉर्ड कर्झनच्या संग्रहातून ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोचले. लंगोट लावलेल्या तरुण माणसांचा एक गट त्यात आहे. बरगड्या, दोरीसारखे दंड, हाडांवर ताणलेली कातडी. मी पाहिलेल्या छापील प्रतीत माणसांची नावं नाहीत, जिल्हा आहे.

दीनदयाल रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, इंदूरला बांधकाम खात्यात आरेखक होते. त्यांच्या फोटोतली रेषा सहसा कलत नाही. राजवाडा काढला काय, व्हाइसरॉयची शिकार काढली काय, कोपरा न् कोपरा जागच्या जागी. दुष्काळाच्या फोटोतही तेच झालंय. माणसं अशी मांडलीत की भूक नेमकी दिसावी, आणि भुकेशिवाय काहीही दिसू नये. ही माणसं काल कुठे कामाला होती, शेजारी उभा असलेला भाऊ आहे की अनोळखी, काही कळायला जागा नाही. मी त्या फोटोत पुष्कळ शोधलं. कुठे एखादं गाठोडं, कडेला आलेली सावली, चुकून चौकटीत शिरलेलं पोर. मला काही सापडलं नाही. दीनदयालांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना सांगितलं होतं तेच त्यांनी उत्तम केलं. पण हात इतका सफाईदार असला की आयुष्याला आत शिरायला फट राहत नाही.

फट राहिलेले फोटो पाहायचे तर रोजगार हमीच्या कामावरच्या मुकादमाचा फोन मागून पाहावा. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी फोटोनं घेणं सक्तीचं झालं, दिवसातून दोनदा. सकाळचा आणि दुपारनंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवले की नाटकाचे दोन अंक होतात. सकाळी एका टोकाला उभी असलेली बाई दुपारी मधे सरकून तिच्या मैत्रिणीपाशी आलेली. सकाळी कडेवर असलेलं पोर दुपारी नाही, मागे झाडाला झोळी. एकानं सकाळी शर्टाची बटणं नीट लावलेली. दुपारी शर्टच डोक्याला गुंडाळलेला. फोटो सांगतो की एवढी डोकी हजर होती. डोकी मोजायची तेवढी सरकारनं मोजावीत.

तर पुन्हा काकांच्या गॅलरीत. चौदावा फोटो माझ्या दृष्टीनं या सगळ्यांतला सर्वोत्तम. पीक जवळपास नाहीच. कॅमेरा खाली झुकलेला, दोन तासांमधली मोकळी माती, डावीकडे तुरीची कोवळी ओळ. मातीवर काकांची सावली. दुपार असल्यानं आखूड, टोपीची कड स्पष्ट, दोन्ही कोपरं बाहेर आलेली. आणि त्या सावलीला चिकटून दुसरी सावली, जराशी बुटकी. तिचा एक हात वर आहे आणि हातापासून कापडाची एक पट्टी पहिल्या सावलीच्या छातीपर्यंत ताणलेली आहे.

मला कळायला वेळ लागला. उन्हात फोनचा पडदा दिसत नव्हता. काकू शेजारी उभ्या राहून पदराची सावली फोनवर धरत होत्या.

काका-काकूंच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली. दोघांचा एकत्र असा लग्नातला एक फोटो आहे, त्यात दोघं एकमेकांपासून हातभर लांब उभे. नंतरच्या प्रत्येक फोटोत मधे कोणी तरी आहे, नातू, व्याही, सत्यनारायणाचा चौरंग. चारचौघांत काकू त्यांना नावानं हाक मारत नाहीत, ते त्यांना "अवं" म्हणतात. आणि इथे मातीवर, कोणाचंही लक्ष नसताना, तिचा पदर त्याच्या हातांवर. यात कोणीच कोणाकडे बघत नाही. दोघांचीही नजर एका पडद्यावर आहे, पीक मावतंय की नाही यावर. फोटो फसलाय हे त्यांना लगेच कळलं असणार, कारण पंधरावा फोटो सरळ आहे.

रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला चक्क भोक पाडायचा. ती भोकं पडलेली चित्रं अजून जपून ठेवलेली आहेत. कुणाच्या कपाळावर काळा गोळा, कुणाच्या शेतावर. माझ्या हातात तसलं भोक पाडायचं यंत्र नव्हतं, नुसतं कचऱ्याच्या पेटीचं चिन्ह होतं. मी एकोणीसपैकी दोन पुसले, ते खरोखर एकसारखे होते. बाकीच्यांसाठी जागा करायला नातवानं उतरवून ठेवलेली तीन गाणी काढली.

काका परत आले. "झालं का?"

"झालं. यातला हा मला पाठवू का?" मी चौदावा दाखवला.

त्यांनी फोन हातभर लांब धरून पाहिला. "हा तर बिघडलेला हाय. पीक कुठंय यात?" मग चुलीकडे वळून म्हणाले, "अवं, हे बघ, हे पोरगं काय मागायलंय."

काकू हात पुसत आल्या. फोटो डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं त्यांना पदर दिसला. त्या सावल्यांवरून खाली सरकल्या, तुरीच्या बुडाशी थांबल्या आणि फोन माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "ने. पण कोणाला दाखवू नको. तण दिसायलंय त्याच्यात."